रिकामी चौकट आणि शून्य

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की नांदेडात आधी बांबूच्या शिड्या बाहेर निघतात. जून लागलेला असतो, ऊन तसंच डोक्यावर, पावसाचा पत्ता नाही, आणि चौकाचौकांत दोन-दोन माणसं शिडीवर चढून फ्लेक्स ताणत असतात. नव्या फ्लेक्सला एक वास असतो. उन्हात तापला की तो रस्ताभर पसरतो, आणि माझ्या नाकात गेला की मला मळमळतं. हे मी लिहिण्याच्या ओघात म्हणत नाही. गेल्या वर्षी मी चक्क रिक्षा थांबवून रसवंतीवाल्याकडून लिंबाची फोड मागून घेतली होती. त्या भल्या माणसानं ‘ऊन लागलं का मावशी’ म्हणून वर पाण्याचा ग्लासही दिला. ऊन लागलं नव्हतं. समोर पोरांचे चेहरे टांगलेले होते.

त्या चेहऱ्यांची एक रीत असते. पहिल्या रांगेतले मोठे, दुसऱ्या रांगेतले त्याहून लहान, आणि तळाच्या रांगेत तर मसुरीच्या डाळीएवढे. वरच्या कोपऱ्यात संचालकांचा चेहरा असतो, तो मात्र कुठल्याही निकालात लहान होत नाही. हाताची घडी, गळ्यात टाय, गालावर समाधान. लातूरचे क्लास, त्यांचे फ्लेक्स नांदेडात, उमरीत, निलंग्यात, पार किनवटच्या रस्त्यावरही. पूर्वी साबणाच्या जाहिराती असायच्या तिथे आता ही पोरं असतात, आणि साबणवाले निदान साबणाच्या वडीला उभं राहायला लावत नव्हते.

यंदा मी ठरवलं होतं की निकालाच्या आठवड्यात घराबाहेर पडायचंच नाही. पण सकाळीच महानंदाचा फोन आला. महानंदा माझी विद्यार्थिनी, निलंग्याकडची, आता उदगीरजवळच्या एका आश्रमशाळेत मुलांची समुपदेशक आहे. ती सहसा फोनवर आधी चार इकडच्या-तिकडच्या गोष्टी बोलते. त्या दिवशी म्हणाली, बसस्टँडपुढच्या चौकात जाऊन या. का, ते सांगितलं नाही. मी गेले. दुसऱ्या रांगेत, डावीकडून कितवी तरी, दोन वर्षांपूर्वी लातूरला भेटलेली रेणुका होती.

फोटो ओळखपत्रावरचा होता. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, कपाळावर बारीक टिकली. त्या मानेखाली कुणीतरी संगणकावर डॉक्टरचा पांढरा कोट चिकटवला होता आणि गळ्यात स्टेथोस्कोप. कोट कुणा पुरुषाचा असावा, कारण खांदे भलतेच रुंद आले होते. खाली संस्थेचं नाव आणि ‘आमच्या मार्गदर्शनाचं फळ’ अशी ओळ. मी तिथेच पदपथावर थुंकले. साठीला आलेली, सोलापुरी साडी नेसलेली, जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेली बाई भर चौकात थुंकते, हे पाहून शेजारच्या फ्लेक्ससाठी शिडीवर चढलेला माणूस खाली बघायला लागला.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा मनातून जात नाही. मी तेव्हा दर शनिवारी सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जायचे आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परतायचे. तिथे एका महाविद्यालयानं शाळांसाठी समुपदेशक तयार करायची पदविका काढली होती, आणि त्यांना मुलांची माहिती कशी हाताळायची हे शिकवायला कुणीतरी हवं होतं. हजेरी, चाचण्यांचे गुण, दवाखान्याच्या फेऱ्या, घरी जाणं-येणं, हे सगळं संगणकावरच्या तक्त्यात भरायचं, त्यातून कोणतं मूल अडचणीत आहे याचा अंदाज घ्यायचा आणि मग त्या मुलाशी जाऊन बोलायचं. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. मी तो प्रत्येक तासाला सांगायचे आणि विद्यार्थी प्रत्येक तासाला मान डोलवायचे.

विद्यार्थी म्हणजे तरी कोण. डी.एड. होऊन कित्येक वर्षं भरतीची वाट पाहणारे, लग्न होऊन मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा दप्तर उचललेल्या बायका, एक-दोन निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक. बहुतेकांनी मोबाइलशिवाय दुसऱ्या यंत्राला हात लावलेला नव्हता. महानंदा पहिल्या दिवशी संगणकापुढे अशी बसली होती की जणू तो चावेल. ‘मॅडम, मी लई घाबरून राहिले हो,’ म्हणाली. हातात हिरव्या बांगड्या, त्या टेबलावर आपटून वाजायच्या म्हणून तिनं त्या रुमालानं बांधून घेतल्या. पहिल्यांदा सरासरी काढली तेव्हा पडद्याकडे बघत राहिली आणि एवढंच हाय का, असं विचारलं. हाव, म्हटलं, एवढंच. मग ती जी सुटली ती सुटलीच.

त्या वर्गात मी एक गोष्ट फार घोटून घेतली. रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे. एखादं पोर चाचणीला बसलंच नाही, तर त्याच्यापुढे शून्य लिहायचं नाही, जागा रिकामी सोडायची. पुस्तकी भाषेत सांगून कुणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी मी विचारलं, लग्नाच्या पंगतीला जो माणूस आलाच नाही, त्याच्या नावापुढे ‘शून्य बुंदी खाल्ली’ असं लिहाल का? सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरचे मुख्याध्यापक म्हणाले, आमच्या गावात तर तो का आला नाही यावर आठवडाभर चर्चा होते. मी म्हटलं, बस्स, तेवढीच चर्चा करायची. शून्य आपल्याला सगळं कळल्याचा आव आणतं, रिकामी जागा निदान विचारायला लावते. इतका साधा धडा होता तो.

लातूरचा तो चैत्र-वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं. क्लासच्या भागात घरं कमी आणि खोल्या जास्त. एकेका जिन्यावर किनवटची आई, देगलूरची आई, जळकोटची आई, नवऱ्याला आणि सासू-सासऱ्यांना गावी ठेवून पोराच्या जेवणासाठी खोली करून राहिलेली. दुपारी सगळ्या खोल्यांतून एकदम कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. वाळ्याच्या ओल्या पडद्याचा वास, झेरॉक्सच्या दुकानातून येणारा गरम कागदाचा वास, कडुलिंबाचा मोहोर. हे सगळं तसं सुंदर आहे. त्या आयांचं मला कौतुक वाटायचं, अजून वाटतं. पण त्या सगळ्या वासांच्या वर एक वेगळाच वास होता, वसतिगृहांतल्या फिनेलचा, आणि माझ्या आठवणीत तोच उरला आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी एका निवासी क्लासमध्ये पाठवलं होतं. नाव घेत नाही. घेतलं तरी काय, एक काढून दुसरं ठेवलं तर फरक पडायचा नाही. तिथे दर रविवारी सकाळी मोठी चाचणी व्हायची, आणि संध्याकाळी सभागृहात वाचन. वाचन म्हणजे माइकवरून क्रमानं नावं वाचायची. वरच्या नंबरांना पुढे खुर्च्या. मग मधले. मग शेवटचे काहीजण, त्यांनी जागेवर उभं राहायचं. रविवार हाच पालकांनी भेटायला यायचा दिवस, त्यामुळे मागे सतरंजीवर आई-बाप बसलेले असायचे. ‘यांचे पालक आले असतील तर त्यांनीही उभं राहावं,’ असं माइकवरून सांगितलं जायचं. शेतातून, बाजारातून, कुणी दोन-दोन एसट्या बदलून आलेली माणसं आपल्या पोराबरोबर उभी राहायची. कुणी डोक्यावरची टोपी काढून हातात घ्यायचा. वर पंखे गरगरत असायचे. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं की आता कुणीतरी उठून चप्पल भिरकावेल. कुणी भिरकावली नाही. उलट बाहेर पडताना दोघंतिघं म्हणत होते, शिस्त लई कडक हाय इथं.

संचालकांना आमचे तक्ते फार आवडले. चौकटींना रंग द्यायला मीच शिकवलं होतं, सरासरी फार खाली असेल तर लाल, मधली असेल तर पिवळा, आणि त्यात काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही. तापमापकावरही लाल रेघ असते. ती ताप बघण्यासाठी असते, आजाऱ्याला घराबाहेर काढण्यासाठी नव्हे. इथे पंधरवड्यातच ‘लाल पोरं’ हा शब्द रूढ झाला. शिपाई म्हणायचा, लाल पोरांची खोली वरच्या मजल्यावर. भोजनगृहात वाढणारी बाई म्हणायची, लालवाल्यांनी नंतर या. आणि संचालकांचा हेतू हळूहळू उघडा पडला. परीक्षेच्या आधी लाल पोरांच्या पालकांना बोलावून सांगायचं की तुमच्या लेकराला इथे ताण येतोय, घरी घेऊन जा, घरीच अभ्यास करू द्या. पोर गेलं की पटावरून नाव कमी. उरलेल्यांचा निकाल आपोआप चकचकीत. तांदूळ निवडताना खडे काढावेत तशी पोरं काढायची, आणि खडे दाखवायचं काम आमच्या होऊ घातलेल्या समुपदेशकांनी करायचं.

रेणुका त्या लाल पोरांत होती. इस्लापूरची. सहस्रकुंडाचा धबधबा जवळ, तिकडून आलेली, सतरा वर्षांची, बोलायला लाजरी. तिचे वडील मंडप आणि माइकचं काम करायचे. लग्न, बारसं, कीर्तन, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, दोन कर्णे आणि एक माइक घेऊन ते हजर. नुसता माइक लावून ते थांबत नसत. ‘अमुकअमुक यांचं आगमन झालेलं आहे, त्यांचं सहर्ष स्वागत, त्यांनी कृपया उभं राहून सत्काराचा स्वीकार करावा,’ हेही तेच पुकारत. आमच्याकडे तसंच असतं. मांडवात नाव पुकारलं गेलं की माणूस उठतो, चारी दिशांना हात जोडतो, टोपी-टॉवेल घेतो आणि खाली बसतो. न पुकारलेला माणूस घरी जाऊन महिनाभर धुसफुसतो. लेक डॉक्टर होणार, हे त्यांनी इस्लापूरच्या आठवडी बाजारात माइकवरून सांगितलं होतं म्हणे. आता तिचं नाव पटावरून कमी होणार होतं.

महानंदानं तक्ता उघडला आणि तिला शून्यं दिसली. रेणुकाच्या आठवड्यातल्या छोट्या चाचण्या बऱ्या होत्या. रविवारच्या काही चाचण्याही बेताच्या पण ठीक. मध्येमध्ये मात्र सरळ शून्य. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, त्या दिवशी गैरहजर होती, आमच्याकडे गैरहजर म्हणजे शून्य, शिस्त आहे. महानंदानं ती शून्यं काढून जागा रिकामी केली. सरासरी वर गेली, चौकट लालची पिवळी झाली. धडा किती सरळ लागू पडला म्हणून ती मला सांगताना हरखली होती. पण जागा रिकामी झाली की विचारायचं असतं, हेही तिच्या लक्षात होतं. ती रेणुकाकडे गेली.

वसतिगृहाच्या मागे कडुलिंबाखाली मुलींचे कपडे वाळत असायचे. तिथे त्या दोघी बसल्या. पहिल्या दिवशी रेणुका काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या खेपेला महानंदानं काहीच विचारलं नाही, नुसती तिच्याबरोबर कपड्यांच्या घड्या घालत बसली, तेव्हा ती बोलली. ज्या रविवारी बाबा भेटायला येणार असतो, त्या रविवारी मी पेपरला बसत न्हाई. डोकं दुखतं म्हणून खोलीत पडून राहते. पेपर न्हाई तर नंबर न्हाई, नंबर न्हाई तर नाव वाचत न्हाईत. माझा नंबर शेवटी येतोच असं न्हाई ताई. पण आला तर?

महानंदानं हे मला रसवंतीत सांगितलं. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते आणि आमच्या दोघींचे रसाचे ग्लास तसेच राहिले. मला त्या पोरीचं फार वाटलं, आणि त्याच वेळी त्या सभागृहाची शिसारी आली. सतरा वर्षांच्या पोरीनं स्वतःचं नुकसान मोजून घेतलं होतं आणि वडिलांना उभं राहावं लागू नये म्हणून ते पत्करलं होतं. तिच्याइतका नेटका हिशोब त्या अख्ख्या संस्थेत कुणी केला नव्हता.

मग बैठक झाली. काजू घातलेला चिवडा, बशीत बिस्किटं, गार खोली. संचालक अतिशय गोड बोलत. त्यांनी तक्ता पाहिला, महानंदाचं कौतुक केलं, आणि त्या पिवळ्या चौकटीवर बोट ठेवलं. ही लाल होती ना? महानंदानं रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक समजावून सांगितला, पंगतीच्या उदाहरणासकट. ते मनापासून हसले. म्हणाले, पटलं, पण मुलगी गैरहजर का राहते याचं कारण कळल्याशिवाय मी तिला कशी ठेवू? कारण द्या, लगेच ठेवतो. महानंदानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण तिला समोर फक्त त्या पोरीचं नाव कमी होताना दिसत होतं, आणि विचारणारा माणूस हसऱ्या चेहऱ्याचा होता. तिनं सांगितलं.

संचालकांनी तक्ता बाजूला सरकवला. त्यांचे डोळे पाणावल्यासारखे झाले, असं महानंदाला वाटलं. मला तसं काही दिसलं नाही. ‘बघा मॅडम,’ ते मला म्हणाले, ‘हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तुमची माणसं फार उपयोगाची आहेत.’ रेणुकाचं नाव राहिलं. बाहेर आल्यावर महानंदानं रस्त्यातच माझे हात धरले. तिला वाटलं आपण जिंकलो, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यापुरतं मलाही वाटलं. परतीच्या एसटीत मी लोह्यापर्यंत डुलक्या काढल्या.

पुढच्या रविवारी वाचन सुरू झालं तेव्हा माइकवरून आधी सांगण्यात आलं की आजपासून नवी पद्धत आहे. चाचणी टाळणाऱ्यांची नावं सगळ्यात आधी वाचली जातील, आणि त्यांचे पालक आले असतील तर त्यांनी उभं राहावं. भोक सापडलं होतं, ते बुजवलं होतं. इतकंच.  मी सतरंजीकडे वळून पाहिलं. रेणुकाचे वडील आले होते. ते सभागृहातल्या कर्ण्यांकडे कौतुकानं बघत बसले होते, आवाज कुठून कसा फिरवलाय ते शेजाऱ्याला सांगत होते, आणि त्या नादात माइकवरची सूचना त्यांनी ऐकलीच नव्हती. आणि ते आले होते म्हणून रेणुका त्या सकाळी पेपरला बसली नव्हती.

तिचं नाव पुकारलं गेलं. गाव इस्लापूर, असंही पुकारलं. ती उभी राहिली, मान खाली. आणि मागे तिचे वडील उठले. ते ताडकन उठले, आनंदानं उठले. त्यांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला, सदऱ्याच्या बाह्या खाली ओढल्या, आणि दोन्ही हात जोडून आधी समोर, मग उजवीकडे, मग डावीकडे, मग मागच्या माणसांना नमस्कार केला. शेकडो मांडवांत त्यांनी दुसऱ्यांची नावं पुकारली होती. आज सगळ्यात पहिलं नाव त्यांच्या लेकीचं होतं. ते हसत उभे राहिले आणि कुणीतरी टॉवेल-टोपी घेऊन येईल म्हणून मंचाकडे बघत राहिले.

कुणी हसलं नाही. तेवढी लाज त्या सभागृहात शिल्लक होती. संचालकांनी पुढचं नाव वाचलं, तेव्हाही ते उभेच होते. महानंदा माझ्या शेजारी बसली होती, तिनं पदर तोंडात धरला होता. मी उठून बाहेर गेले आणि फिनेलच्या वासानं भरलेल्या मोरीत ओकले. तोंड धुऊन परत आले तर वडील खाली बसले होते आणि शेजारच्या माणसाला सांगत होते की सत्काराचं सामान बहुतेक नंतर देतील.

सोमवारी रेणुका गेली. कुणी तिला काढलं नाही, तिनंच पेटी भरली. महानंदा तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेली होती. पोर तिच्यावर चिडली नाही, याचंच तिला जास्त लागलं. एवढंच म्हणाली, ‘ताई, बाबाला काई सांगू नका. सरांनी माझी तयारी पक्की झाली म्हणून घरी पाठवलं, असं सांगणार हाय मी.’ आणि तिनं ते सांगितलं. वडिलांनी ते मानलं. का मानणार नाहीत? त्यांनी स्वतः आपल्या डोळ्यांनी तिचा मान पाहिला होता.

संचालकांनी महानंदाला नोकरी देऊ केली, चांगली, कायमची. तिनं ती घेतली नाही. त्या महिन्यात तिच्या घरी यावरून बरंच वाजलं म्हणे. मी संचालकांना एक खरमरीत पत्र लिहिलं, त्याचं उत्तर म्हणून मला गुणगौरव समारंभाचं निमंत्रण आलं. पदविकेचा तो वर्ग मी अजून घेते. बंद करावा असं दर वर्षी वाटतं. लोक म्हणतात, मॅडम, आता सगळीकडे डेटाच लागतो. त्या शब्दाचा मला उबग आला आहे. माहिती मिळवायची कशासाठी, तर पोराच्या शेजारी जाऊन बसण्यासाठी. ते जमत नसेल तर हे तक्ते, हे रंग, ही सरासरी, सगळं जाळून टाकावं आणि त्यावर चहा करून प्यावा. वर्गात हे मी जरा सभ्य शब्दांत सांगते. यंदा मी एक नवीन गोष्टही शिकवायला लागले आहे. मुलानं जे विश्वासानं सांगितलं ते तक्त्यात जात नाही आणि बैठकीतही जात नाही, समोरचा कितीही गोड हसत असला तरी. विद्यार्थी लिहून घेतात. त्यांतले किती पाळतील हे कुठल्याही सूत्रानं काढता येत नाही.

रेणुकाला त्या वर्षी प्रवेशाइतके गुण पडले नाहीत. मग नांदेडला मामाकडे येऊन दोन वर्षं एका अभ्यासिकेत बसली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची, रविवारी कुणी तिचं नाव वाचत नव्हतं. महानंदा तिला अधूनमधून फोन करायची, अभ्यासाचं सोडून बाकी सगळं बोलायची. यंदा तिला मेडिकलला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले. आणि दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा चौकात लागला, जुन्या ओळखपत्रावरून काढलेला, दुसऱ्याच्या कोटावर बसवलेला. तिला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. तिचा फोटो त्यांच्याकडे होताच. त्यांनी कमी केलं असतं ते नाव, त्यांनी पळवून लावलेलं ते नाव, आता त्यांच्या निकालात मोजलं गेलं होतं. त्यांच्या तक्त्यात रिकामी चौकट कधी नसतेच. अपयश असेल तर शून्य भरतात, यश असेल तर स्वतःचं नाव.

मी चौकातूनच महानंदाला फोन लावला. म्हटलं, याची तक्रार करू. वर्तमानपत्रात देऊ. त्या पोरीची सही घे, मी बाकी बघते, या वयात मला काही कुणाचं भ्यायचं नाही. माझा आवाज चढला होता, रिक्षावाले बघत होते. महानंदानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मॅडम, रेणुका नको म्हणते.

का नको?

‘काल तिचा बाबा आल्ता इस्लापूरहून. बाजारातली चार माणसं संग घेऊन. फ्लेक्सखाली उभं राहून, हात जोडून फोटो काढून घेतला त्यानं. म्हणाला, त्या रविवारी सगळ्यात आधी नाव घेतलं होतं सरांनी, त्यांना तवाच माहीत होतं. आता गावात मोठा करून लावणार हाय तो फोटो.’

 वर तो टाय घातलेला चेहरा हाताची घडी घालून हसत होता. ऊन फ्लेक्सवर पडून डोळ्यांत येत होतं. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, फोटो काढला कुणी, त्या चार माणसांतल्या कुणी का?

‘न्हाई मॅडम,’ महानंदा म्हणाली. ‘रेणुकानंच काढला. बाबा, जरा हसा, म्हणून.’